जपानी ग्लेझ आणि अंडरग्लेझ रंग: राख, दगड आणि कुंचल्यापासून भट्टीपर्यंत

जपानी कुंभारांच्या जुन्या कृती पहिल्यांदा वाचताना काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. फेल्डस्पार (भट्टीत वितळून काच होणारा खनिज दगड) सात भाग, राख तीन भाग. संपलं. तेवढ्याच दोन जिनसा घेऊन आपण पुण्यात किंवा कोल्हापुरात ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेचा थर, बनवतो आणि भट्टीतून काहीतरी वेगळंच बाहेर येतं. याचं कारण साधं आहे. कृतीतला महत्त्वाचा भाग कागदावर कधी आलाच नव्हता, तो मालात होता: कोणत्या झाडाची राख, किती पाण्यांत धुतली, कोणत्या डोंगराचा दगड. म्हणून जपानी परंपरेतलं ग्लेझ शिकायचं तर कृती गोळा करण्यापेक्षा मोजके चार-पाच पदार्थ नीट ओळखून घ्यावेत आणि तेच पुन्हा पुन्हा भाजून बघावेत. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. स्टोनवेअरच्या तापमानापर्यंत, म्हणजे १२३० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत जाणारी भट्टी तुमच्याकडे आहे, असं मी धरून चालले आहे. ग्लेझवर लावायचे रंग, म्हणजे काकिएमोन किंवा कुतानीचे लाल-हिरवे एनॅमल, हा वेगळाच विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

आधी भट्टी, मग ग्लेझ

इलेक्ट्रिक भट्टी असेल तर वातावरण ऑक्सिडेशनचं, म्हणजे भरपूर हवेचं, राहणार. त्यात ओरिबे (तांब्याचा हिरवा), की-सेतो (राखेचा पिवळा), आमे (मधाळ तपकिरी) आणि तेनमोकू (लोहाचा काळा) उत्तम होतात. गॅस किंवा लाकडाची भट्टी असेल आणि रिडक्शन, म्हणजे हवा कमी करून भाजणं, करता येत असेल तर सेइजी म्हणजे सेलाडॉन (लोहाचा फिकट हिरवा), शिनो (फेल्डस्पारचं जाड पांढरं ग्लेझ) आणि तांब्याचा लाल यांची दारं उघडतात. सोमेत्सुके, म्हणजे पांढऱ्या पोर्सलिनवरची कोबाल्टची निळी चित्रकारी, इलेक्ट्रिक भट्टीतही होते, पण अरिता या जपानी पोर्सलिनच्या गावच्या भांड्यांत पांढऱ्यावर जी किंचित निळसर थंड छटा दिसते ती रिडक्शनमधल्या अत्यल्प लोहाची असते. ऑक्सिडेशनमध्ये तोच पांढरा थोडा दुधी-पिवळसर दिसतो. दोन्ही सुंदर आहेत. मात्र इलेक्ट्रिक भट्टीत सेलाडॉनच्या मागे वर्ष घालवू नका.

कृती वाचताना तीन गोष्टी सांभाळा. एक, जपानी कृतीत कोन (ठराविक तापमानाला वाकणारे, भट्टीत ठेवायचे सुळके) झेगर पद्धतीचे असतात: एसके ८ म्हणजे १२५०, एसके ९ म्हणजे १२८०, एसके १० म्हणजे १३०० अंश. आपल्याकडचे ऑर्टन कोन आकड्याने सारखे दिसले तरी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून आकडा न बघता तापमान बघा. दोन, रंग देणारं ऑक्साइड बहुधा शंभरच्या वर धरलेलं असतं. 'लोह ८' म्हणजे मूळ मिश्रण १०० ग्रॅम आणि त्यावर आणखी ८. तीन, जुन्या कृती वजनाच्या नसून मापाच्या असतात, घोळाचे इतके ओगराळे आणि राखेचे तितके. अशी कृती ग्रॅममध्ये जशीच्या तशी उतरवली तर फसते, कारण राख फेल्डस्पारपेक्षा कितीतरी हलकी असते.

राख: अर्धं ग्लेझ इथेच होतं

जपानमध्ये ग्लेझसाठी तीन प्रकारच्या राखा वेगवेगळ्या ठेवतात. दोबाई म्हणजे चुलीतली, मिश्र लाकडांची राख. हिच्यात मुख्यतः चुना, थोडं मॅग्नेशियम, पोटॅशियम, फॉस्फरस आणि थोडं लोह असतं. ती फेल्डस्पारला वितळवते आणि हिरवट-पिवळसर छटा देते. इसुबाई ही इसु नावाच्या झाडाची राख. तिच्यात चुना भरपूर आणि लोह फारच कमी, म्हणून अरिताच्या पोर्सलिनचं स्वच्छ ग्लेझ तिच्यावर उभं राहिलं. तिसरी वाराबाई म्हणजे भाताच्या पेंढ्याची राख. हिचं काम अगदी उलट असतं, कारण हिच्यात बहुतांश सिलिका असते. ती ग्लेझ दुधाळ आणि दाट करते. करात्सु आणि हागी इथल्या पांढऱ्या ग्लेझचा पाया हाच आहे. माशिको या कुंभारगावात त्याऐवजी भाताच्या तुसाची राख वापरतात.

इथे आपली सोय फार चांगली आहे. कोकण, मावळ, भंडारा, गोंदिया, कुठल्याही भातगिरणीवर तूस मिळतं. दहा किलो तूस जाळलं की साधारण दोन किलो राख हाती येते. लाकडाचं गणित मात्र कठोर आहे. पन्नास किलो लाकडातून जेमतेम अर्धा किलो राख मिळते, म्हणून ती चुलीवर रोज स्वयंपाक होणाऱ्या घरातून किंवा लाकडावर चालणाऱ्या बेकरीतून साठवून घ्यावी. एका वेळी एकाच ठिकाणची राख मोठ्या प्रमाणात घ्या. बाभळीची आणि आंब्याची राख सारखी वागत नाही, आणि थोडी थोडी आणलेली राख दर वेळी नवं ग्लेझ देते. प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड किंवा दगडी कोळसा जळलेली राख घेऊ नका. गुऱ्हाळावरची चिपाडाची राख मिळत असेल तर लक्षात ठेवा, ती लाकडाच्या राखेसारखी नसते. तिच्यात सिलिका जास्त, म्हणून ती पेंढ्याच्या बाजूला झुकते.

लाकडाची राख तयार करण्याची रीत अशी:

पहिल्या दिवशी राख कोरडी न चाळता थेट मोठ्या बादलीत पाण्यात सोडा. कोरडी चाळली तर घरभर धूळ होते आणि फुप्फुसात जाते. ढवळून थोडा वेळ ठेवा. वर तरंगणारा कोळसा आणि काटक्या गाळणीने काढून टाका. मग घोळ आधी ४० आणि नंतर ८० मेशच्या (मेश म्हणजे इंचाला छिद्रं) चाळणीतून ओता. चाळणीवर राहिलेले खडे फेकून द्या, ते कुटून परत घालण्याचा मोह टाळा.

आता राख तळाशी बसू द्या. वरचं पाणी पिवळसर आणि बोटांना बुळबुळीत लागतं, तो क्षार आहे. तो हाताची कातडी सोलतो, म्हणून रबरी हातमोजे घालूनच काम करा. हे पाणी ओतून द्या, नवं भरा, ढवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाण्याचा बुळबुळीतपणा जाऊन ते जवळपास साधं लागेपर्यंत हे करत राहायचं. राख धुतली नाही तर विरघळलेला क्षार पाण्याबरोबर बिस्कमध्ये, म्हणजे एकदा भाजलेल्या पण ग्लेझ न लावलेल्या भांड्यात, शिरतो, सुकताना भांड्याच्या कडेवर गोळा होतो आणि तिथे ग्लेझ फोड धरतं किंवा वाहतं. काही कुंभार मुद्दाम न धुतलेली राख वापरतात, कारण ती जास्त वितळते. ते चूक नाही, पण मग त्या घोळाला दोन आठवड्यांनी तीच खात्री राहत नाही. सुरुवातीला धुतलेलीच घ्या. शेवटी राख जुन्या सुती कापडावर पसरून सुकवा आणि डब्यावर झाडाचं नाव, जागा, महिना लिहा.

तुसाची किंवा पेंढ्याची राख करताना ती पांढरी फटक होईपर्यंत जाळू नका. काळी-करडी असतानाच पाणी मारून विझवा. फार तापलेली सिलिका स्फटिकरूप होते, दळायला कठीण जाते आणि तिची धूळ फुप्फुसाला जास्त घातक ठरते. काळेपणा तो कोळशाचा, भट्टीत जळून जातो. ही राख मात्र दळावीच लागते. बॉल मिल असेल तर उत्तम, नसेल तर पाणी घालून खलात घोटायची, ८० मेशमधून सहज जाईपर्यंत. कोरडी राख हाताळताना एन-९५ मास्क घाला, आणि हे मी सवड असेल तर म्हणून सांगत नाहीये.

तीन कोपऱ्यांची चाचणी

फेल्डस्पार, लाकडाची राख आणि तुसाची राख, या तिघांतून जपानी स्टोनवेअरचं बरंचसं जग तयार होतं. ते बघायचं तर एक त्रिकोण काढा. प्रत्येक कोपऱ्यावर एक पदार्थ, आणि प्रत्येक बाजूचे पाच समान भाग. त्रिकोणात २१ बिंदू मिळतात. प्रत्येक बिंदूवर तीन पदार्थांच्या भागांची बेरीज पाच येते: ५-०-०, ४-१-०, ३-१-१ असं.

प्रत्येक पदार्थाची १०० ग्रॅम कोरडी पूड घ्या आणि पाणी घालून बरोबर ३०० मिलिलिटर करा. आता ३ मिलिलिटर घोळात १ ग्रॅम पदार्थ आहे. एक 'भाग' म्हणजे ६ मिलिलिटर धरा. औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज याला पुरते. प्रत्येक वेळी ओढण्याआधी घोळ ढवळायचा, कारण फेल्डस्पार लगेच तळाला बसतो. अशा एकेका चाचणीत ३० मिलिलिटर घोळ, म्हणजे १० ग्रॅम ग्लेझ होतं.

चाचणीचे तुकडे सपाट नकोत, उभे हवेत, म्हणजे ग्लेझ किती वाहतं ते दिसतं. प्रत्येक तुकड्यावर आधी एक रेघ कोबाल्टची आणि एक लोहाची ओढा, मग ग्लेझ लावा: खालचा भाग एकदा, वरचा भाग दोनदा. मागे लोहाने बिंदूचा क्रमांक लिहा. खाली कच्च्या मातीच्या छोट्या थाळ्या ठेवा, नाहीतर भट्टीची फरशी खराब होते.

१२६० अंशांच्या आसपास भाजून आल्यावर काय दिसेल, ते साधारण सांगता येतं. फेल्डस्पारच्या कोपऱ्यात जाड, दुधी, बारीक तडे गेलेली आणि जागची न हलणारी काच असेल. लाकडाच्या राखेच्या कोपऱ्यात हिरवट-पिवळे ओघळ, किंवा खरखरीत अर्धवट वितळलेला थर. तुसाच्या कोपऱ्यात नुसती पांढरी भुकटी, बोटाने झडेल अशी. फेल्डस्पार आणि लाकडाच्या राखेच्या बाजूवर, फेल्डस्पार ६० ते ८० टक्के असेल तिथे, पारदर्शक आणि हलकी हिरवट ग्लेझ सापडतात. तिथून तुसाकडे सरकाल तसतशी काच ढगाळ होत जाते. मधे कुठेतरी, फेल्डस्पार ४, लाकडाची राख ३, तुसाची राख ३ या प्रमाणाच्या आसपास, माशिकोच्या नुका (तुसाच्या राखेच्या) ग्लेझची दुधाळ पांढरी झाक मिळू लागते. त्यातच १ ते २ टक्के तांबं घातलं की दुधाळ हिरवा. तुमचा बिंदू थोडा इकडे-तिकडे असेल आणि तो असायलाच हवा, कारण राख तुमची आहे. सापडलेल्या चांगल्या बिंदूभोवती पुन्हा ५-५ टक्क्यांच्या अंतराने चाचणी घ्या.

या एका त्रिकोणावर खर्च केलेली भट्टी पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडते. शिकणाऱ्या प्रत्येकाने हा त्रिकोण करावाच असं माझं ठाम मत आहे.

लोहाचं घराणं: सेइजी, आमे, तेनमोकू, काकी

राखेशिवायचा एक भरवशाचा पाया जवळ असावा. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्या नावाने चालणारं ४-३-२-१ हे मिश्रण त्यासाठी चांगलं: पोटॅश फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग (खडूची पूड) २०, चायना क्ले (पांढरी केओलिन माती) १०. हे १२५० ते १३०० अंशांत पारदर्शक होतं. लीच जपानमध्ये शिकले आणि १९२० मध्ये जपानी कुंभार हमादा शोजी यांच्यासह इंग्लंडमध्ये सेंट आइव्हजला गेले. पुढे १९२४ मध्ये हमादा माशिकोत आले. आपल्याकडे दिल्लीचे सरदार गुरचरणसिंग १९१९ मध्ये जपानला गेले आणि याच मंडळींच्या सहवासात आले, हा धागा भारतीय स्टुडिओ पॉटरीच्या अगदी सुरुवातीलाच गुंफलेला आहे.

या पायात लाल आयर्न ऑक्साइड १ ते २ टक्के घालून रिडक्शनमध्ये भाजलं तर सेइजी. ३ ते ५ टक्के घालून ऑक्सिडेशनमध्ये भाजलं तर आमे. ८ ते १० टक्के घातलं तर तेनमोकू: जाड जागी काळा, कडांवर जिथे ग्लेझ पातळ होतं तिथे गंजाचा तपकिरी. आणखी वाढवलं तर काच सगळं लोह पोटात ठेवू शकत नाही. ते थंड होताना पृष्ठभागावर तांबूस स्फटिकांच्या रूपाने बाहेर येतं, आणि तो काकीचा, म्हणजे पर्सिमन फळासारखा, रंग. म्हणून काकीसाठी भट्टी ११०० अंशांपासून सावकाश थंड होऊ द्यावी लागते.

माशिकोचं काकी मात्र असं मोजूनमापून बनलेलं नव्हतं. जवळच्या अशिनुमाचा दगड दळून तो जवळपास एकटाच भांड्यावर घालायचे. दगडातच लोह, चुना, सिलिका योग्य प्रमाणात होतं. नाबेशिमा या सरदार घराण्याच्या ओकावाचियामा गावातही सेलाडॉनसाठी तिथल्याच डोंगरातला दगड वापरत.

हे वाचून महाराष्ट्रातल्या कुंभाराने आपल्या काळ्या पाषाणाकडे बघायला हवं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये साधारण निम्मं सिलिका, दहा टक्क्यांच्या आसपास चुना आणि त्याहून थोडं जास्त लोह असतं, म्हणजे तेनमोकूची बरीचशी सामग्री. खडी फोडणाऱ्या क्रशरवर याची बारीक पूड मिळते. पाण्यात घोळून १०० मेशमधून गाळा, सुकवा, आणि बेसाल्ट-फेल्डस्पार १०-०, ८-२, ६-४, ४-६ अशा चार चाचण्या घ्या. नुसता बेसाल्ट १२५० च्या पुढे बऱ्यापैकी वितळतो, म्हणून पहिल्या वेळी तो छोट्या वाटीच्या आत घाला, बाहेर नको.

शिनो: फेल्डस्पार आणि धीर

शिनोची कृती सर्वांत छोटी आणि काम सर्वांत लांब. फेल्डस्पार ९० ते ९५, प्लास्टिक पांढरी माती ५ ते १०. एवढंच. सोडा ॲश घालून कार्बन पकडणारा जो चमकदार शिनो आज अनेक स्टुडिओंत दिसतो तो अमेरिकन प्रकार आहे. मूळ मोमोयामा काळातल्या (सोळाव्या शतकाच्या अखेरच्या) मिनो प्रांताच्या शिनोशी त्याचं नातं दूरचं आहे. हा मूळ शिनो सेतोमध्ये बनला असं फार काळ मानलं जाई. १९३० साली कुंभार अराकावा तोयोझो यांना मिनोतल्या ओगाया इथल्या मुताबोरा भट्टीच्या अवशेषांत बांबूच्या कोंबाचं चित्र असलेला तुकडा सापडला. नागोयात त्यांनी पाहिलेल्या जुन्या चहाच्या वाडग्यावर तेच चित्र होतं, आणि इतिहास तिथे बदलला.

करताना तीन गोष्टी सांभाळायच्या. फेल्डस्पार फार बारीक दळलेला नको. थर जाड हवा, दोन ते तीन मिलिमीटर, आणि तो एकदाच बुडवून यावा. एवढा जाड थर सुकताना सुटून पडू नये म्हणून जपानी कुंभार फुनोरी या समुद्रशैवालाचा डिंक घालतात. आपल्याकडे सीएमसी (सेल्युलोजचा डिंक) चालतं, शंभर ग्रॅम कोरड्या ग्लेझला अर्धा ग्रॅम. तिसरी गोष्ट वेळेची. ९०० अंशांच्या आधीच हलकं रिडक्शन सुरू करा, १२००च्या पुढे भट्टी रेंगाळू द्या आणि थंड होतानाही घाई करू नका. मग युझु फळाच्या सालीसारखी बारीक खड्ड्यांची पोत आणि पातळ जागी निखाऱ्याची लाली उमटते. माती लोह कमी असलेली घ्या. लाल मातीवर शिनो मळकट होतो.

गोसु: निळ्या रंगाची तयारी

अरिताजवळ इझुमियामाला पोर्सलिनचा दगड सापडला तो परंपरेने १६१६ चा मानतात. त्यानंतर शतकानुशतकं तिथले चित्रकार गोसु वापरत होते. गोसु हे कोबाल्टचं नैसर्गिक खनिज, चीनहून यायचं, आणि त्यात कोबाल्टबरोबर मँगनीज आणि लोह भरपूर असायचं. त्याचा निळा म्हणूनच करडा, मऊ, काही ठिकाणी जवळजवळ शाईसारखा. १८७० मध्ये गॉटफ्रीड वॅगनर हे जर्मन रसायनज्ञ अरिताला आले आणि शुद्ध कृत्रिम कोबाल्टचा वापर तिथे रुजला. तो निळा तेजस्वी आहे, पण डोळ्यांत भरणारा. जुन्या सोमेत्सुकेचा शांतपणा हवा असेल तर शुद्ध कोबाल्ट 'बिघडवावा' लागतो.

सुरुवातीचं मिश्रण असं करा: कोबाल्ट कार्बोनेट १५, मँगनीज डायऑक्साइड १०, लाल आयर्न ऑक्साइड १०, चायना क्ले ३५, आणि ज्या ग्लेझखाली वापरणार त्याचीच कोरडी पूड ३०. एकत्र ओलं घोटून सुकवा, बिस्कच्या छोट्या झाकणाच्या भांड्यात घालून बिस्कच्या भट्टीतच एकदा भाजून घ्या आणि पुन्हा दळा. भट्टीच्या खोलीत हवा खेळती ठेवा, मँगनीजची वाफ घातक असते. मग लोह आणि मँगनीज कमीजास्त करून पाच-सहा नमुने भाजा आणि तुमचा निळा निवडा.

घोटण्याला पर्याय नाही. पोर्सलिनच्या खलात किंवा जाड काचेवर, बोटांना कण लागेनासा होईपर्यंत आणि त्यानंतरही बराच वेळ. राहिलेला एक कण म्हणजे भाजल्यावर एक गडद ठिपका. शेवटचं घोटणं पाण्याऐवजी कडक, गार, गाळलेल्या हिरव्या चहात करतात. चहातलं टॅनिन कण तरंगत ठेवतं, कुंचला सरळ चालतो आणि सुकलेली रेघ ग्लेझ घालताना सहसा पुसली जात नाही. बिनदुधाचा, बिनसाखरेचा आपला काळा चहाही हे काम करतो.

चित्र काढण्याआधी आराखडा लागतो. अरितात भोपळ्याच्या कोळशाची शाई करून पातळ कागदावर नक्षी काढतात, कागद बिस्कवर उलटा ठेवून मागून घासतात, आणि एकाच कागदातून अनेक भांड्यांवर तीच नक्षी उतरते. कोळसा भट्टीत उडून जातो. आपल्याला कुठलाही मऊ कोळसा चालेल. मेणाची पेन्सिल मात्र नको, तिच्यावर रंग आणि ग्लेझ दोन्ही बसत नाहीत.

रेघेचा कुंचला लांब केसांचा, टोकदार आणि रंग गडद. रेघ एकदाच ओढायची. बिस्क पाणी झटकन पितं, थांबलात तर तिथे गाठ दिसते. फार पीत असेल तर बिस्क ९०० अंशांऐवजी थोडं वर न्या, किंवा भांड्यावर ओला स्पंज फिरवून घ्या.

रेघांच्या आत रंग भरण्याची रीत, दामी, ही अरिताची खरी कमाल. तिथे परंपरेने रेघ पुरुष काढत आणि दामी बायका भरत. दामीचा कुंचला जाडजूड असतो आणि खूप पातळ रंग पोटात धरतो. भांडं आडवं, थोडं तिरकं धरा. कुंचला भिजवून त्याचं टोक भिंतीला टेकवा आणि बोटांनी हलकेच दाबा. टोकाखाली रंगाचं एक थेंबभर तळं तयार होतं. आता कुंचला न घासता ते तळं पुढे न्यायचं. कुंचल्याचे केस भांड्याला जेमतेम लागतात, चालतं ते पाणी. तळं रेघेच्या कडेला पोचलं की बोटांचा दाब सोडा, कुंचला उरलेला रंग परत शोषून घेतो. अशा भरणीत कुंचल्याचा ओरखडा एकही राहत नाही. तळं मधेच सुकलं तर तिथे कडा पडते आणि ती भाजल्यावर आणखी स्पष्ट होते. सराव फुटलेल्या बिस्कवर करा, स्वस्त पडतो. रंगाच्या पाच छटा पाण्याने करून वेगळ्या वाट्यांत ठेवा आणि त्या पाचही एका तुकड्यावर भाजून भिंतीवर लावा, कारण ओल्या रंगावरून भाजलेल्या निळ्याचा अंदाज येत नाही.

वर घालायचं ग्लेझ फार वाहणारं नको, रेघ पसरते. ४-३-२-१ इथे छान चालतं. राखेचं वापरायचं तर चुना थोडा कमी असलेला बिंदू निवडा. अरितात ही भांडी १३०० अंशांच्या आसपास रिडक्शनमध्ये भाजतात.

ओनिइता: लोहाची चित्रं

मिनो आणि सेतोच्या मातीच्या थरांत लोहखनिजाचे पापुद्रे सापडतात, त्यांना ओनिइता म्हणतात. ते दळून, पाण्यात कालवून चित्र काढलं आणि वर शिनो घातला तर ए-शिनो, म्हणजे चित्रांचा शिनो. सगळ्या भांड्यावर तेच लावून, खरवडून नक्षी काढून मग शिनो घातला तर राखाडी नेझुमी शिनो. करात्सुमध्येही गवताची पाती आणि वेली लोहानेच काढल्या जातात. आपल्याकडे गेरू हा याचा जवळचा भाऊ आहे, आणि कोकणातला लोहयुक्त जांभाही. बाजारातला गेरू कधीकधी रंग मिसळलेला असतो, म्हणून आधी एक चिमूट नुसती भाजून बघा. गेरू ७० आणि चायना क्ले ३० पासून सुरू करा. जाड लावलात तर लोह ग्लेझ फोडून वर येतं आणि काळं, खरखरीत दिसतं. पातळ लावलात तर शिनोखाली गायबच होतं. मधली जाडी हाताला कळायला काही भट्ट्या जाव्या लागतात.

लावणं

जपानी स्टुडिओत घोळाची घनता बोमे मापकाने मोजतात, साधारण ४० ते ५०. मापक नसला तरी अडत नाही. १०० मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरून वजन करा. बाटलीचं वजन वजा जाता १४५ ग्रॅम आलं तर घनता १.४५, म्हणजे बोमे ४५. पारदर्शक आणि राखेच्या ग्लेझसाठी १.४० ते १.४५, शिनोसाठी १.५५ च्या वर. राखेचा घोळ तळाशी दगडासारखा बसत असेल तर चिमूटभर एप्सम सॉल्ट घाला. जपानी लोक यासाठी निगारी वापरतात. सुकलेल्या थरात सुई टोचून जाडी बघत जा: पारदर्शक ग्लेझ अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं वर, नुका एक ते दीड मिलिमीटर. भांड्याला हाताचं तेल लागलं असेल किंवा धूळ असेल तर ग्लेझ तिथून सरकतं, म्हणून आधी ओल्या स्पंजने पुसा. तळ आणि त्यावरची अर्धा सेंटिमीटर पट्टी कोरडी सोडा. राखेच्या ग्लेझला एक सेंटिमीटर.

ओरिबे, आणि भट्टीनंतरचं काम

हिरव्या ओरिबेसाठी फेल्डस्पार ५०, लाकडाची राख ४०, चायना क्ले १०, वर कॉपर ऑक्साइड ३ ते ५. ऑक्सिडेशन, १२२० ते १२५०. उरलेल्या उघड्या मातीवर लोहाने चित्र काढून त्यावर पारदर्शक ग्लेझ घातलं की मोमोयामा काळातली ती अर्धी हिरवी, अर्धी चित्राची मांडणी मिळते. तांब्याचं ग्लेझ वाहतं, तेव्हा ते वरच्या भागातच जाड ठेवा.

भट्टीतून ओरिबे बाहेर येतो तेव्हा त्यावर तांब्याचा एक मळकट, धातूसारखा पापुद्रा असतो आणि हिरवा त्याच्याखाली दबलेला दिसतो. मिनोत ही भांडी ओकच्या फळांच्या टोप्या भिजवलेल्या, टॅनिनने गडद झालेल्या पाण्यात बुडवून ठेवतात. पापुद्रा सुटतो, हिरवा उजळतो आणि ग्लेझमधल्या बारीक तड्यांत तपकिरी रंग भरतो. आपल्याकडे हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. दोन मुठी कुटलेला हिरडा चार लिटर पाण्यात उकळून, गार करून, गाळून त्यात भांडं एक दिवस ठेवून बघा, आधी चाचणीच्या तुकड्यावर. मग साध्या पाण्यात आणखी एक दिवस.

जेवणाच्या ताटलीला हे ग्लेझ लावण्याआधी एक तुकडा व्हिनेगरमध्ये अर्धा बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी बुडालेल्या भागाचा रंग किंवा चकाकी जरा जरी बदललेली दिसली, तर तांबं कमी करा किंवा क्वार्ट्झ ५ टक्के वाढवून पुन्हा भाजा. तुकडा न बदलता बाहेर येईपर्यंत ते ग्लेझ फुलदाणीच्या बाहेरच्या बाजूलाच वापरा.